भोगवटादार

व्याख्या सांगताना इंगवले सर पंखा बंद करायला लावतात.
एकही शब्द उडता कामा नये, म्हणतात,
कायद्यात स्वल्पविरामाच्या फटीतून कारखाना निसटतो.

पर्यावरण म्हणजे पाणी, हवा, जमीन
आणि त्यांचं एकमेकांशी, माणसांशी,
इतर जिवांशी, झाडांशी, सूक्ष्म जंतूंशी
आणि मालमत्तेशी असलेलं नातं.
नातं हा शब्द सरांचा. पुस्तकात आंतरसंबंध आहे.
मी आंतरसंबंध लिहिलं, खोडलं, नातं लिहिलं.
खिडकीबाहेर विद्यापीठाचा मोर कुंपणावर,
तोंड आमच्याकडं, पिसारा पलीकडच्या हद्दीत.

प्रवाह म्हणजे नदी, ओढा, ओहोळ,
वाहता असो
किंवा तूर्त कोरडा.
तूर्त कोरडा. याखाली मी दोनदा रेघ मारली.
आमच्या गल्लीतला कधीच कोरडा नसतो, कुजबुजली तरन्नुम मुजावर,
तूर्तसुद्धा नाही.

पावणेसहाची हुपरी गाडी.
निम्म्या बायकांच्या पिशव्यांत जोडायला आणलेल्या कड्या,
खड्डा आला की अख्खी एसटी
पैंजण घातल्यासारखी वाजते.

मागच्या पडवीत आई
तेजाबाच्या पाण्यात चांदी बुचकळून काढते,
रिठ्यात घासते, फडक्यावर ठेवते. पांढरीशुभ्र.
आणि मोरीतून जे बाहेर जातं ते निळं.
लहानपणी वाटायचं
आमच्या घरची रंगपंचमी वर्षभर चालते.

भोगवटादार म्हणजे
जागेचा कारभार ज्याच्या ताब्यात आहे ती व्यक्ती.
मी मोठ्यानं वाचलं.
"भोगवटा म्हंजे भोगायचंच न्हवं?"
नाही गं आई. ताबा. कारभार.
"कारभार शेठचा. चांदी त्याची, तेजाब त्याचं,
मजुरी किलोवर.
माझी नुसती मोरी."
आणि हात पुढं केला,
दाखवायला नव्हे, चहाचा कप घ्यायला.
बोटांची टोकं पिवळी.
हळद नव्हती ती.

शनिवारी प्रात्यक्षिक. जयंती नाल्याच्या पुलावर
दोरी बांधून बादली सोडली, सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.
नमुन्याचे दोन भाग, दोन बाटल्या, लाख, मोहोर,
घेणाऱ्याची सही, भोगवटादाराची सही.
पुढच्या वेळी प्रत्येकानं आपापल्या भागातला आणा,
सर म्हणाले.

आपापला भाग म्हणजे
आमच्या मोरीपासून सात पावलं.

बाटल्या आईनंच तीन-तीनदा विसळून दिल्या.
"न्हाईतर टंच खोटा यील."
टंच नव्हे गं, नमुना.
"त्येच की. चांदीचा टंच काढताना बी
दोन पुड्या करत्यात. एक शेठकडं, एक आपल्याकडं."
मग आपल्याकडची कोण बघतं?
तिनं उत्तर दिलं नाही, पदराला हात पुसले,
विचारलं, सही कुठं करायची.
अक्काताई धोंडीराम नरंदे.
एकेक अक्षर वेलांटीसकट,
शाळेत चौथीपर्यंत शिकवतात तसं.

घरचा अभ्यास होता : साठ दिवसांच्या नोटिसीचा मसुदा.
अशी नोटीस देऊन, साठ दिवस थांबून,
कुणीही नागरिक कोर्टात जाऊ शकतो. कुणीही.
मी तारीख घातली, कलम घातलं,
ओढा कसा वळतो, कुठं नदीला लागतो, सगळं लिहिलं.
"विरुद्ध" पुढची ओळ
तूर्त कोरडी.

सर म्हणाले, नाव राहिलंय, नरंदे.
हो सर.
अर्धा गुण कापला.

एक बाटली विभागात जमा केली.
दुसरी माझ्या ट्रंकेवर आहे.
गाळ तळाला बसलाय,
वरचं इतकं नितळ निळं झालंय
की परवा शेजारची शेवंताकाकू उचलून म्हणाली,
"शाई हाय व्हय गं ही?"

"व्हय," आई म्हणाली, पैंजण घासता घासता,
"पोरीची हाय.
वकिलीला लागती."