तीन मिलिमीटर

पाइप गळत होता भिंतीच्या आत.
प्लंबरने आधी कान लावला, मग करवत,
बोळातल्या भिंतीत एक चौकोन कापला,
पाइप बदलला, बिल ठेवलं,
जाताना म्हणाला, भोक तुमचं तुम्ही बुजवा.
चौकोन तरी कसला,
तीन बाजू सरळ, चौथी उंदराने कुरतडल्यासारखी.

हेरंबदादा सांगलीहून व्हिडिओवर:
"ही भिंत? मला वाटलं खोका."
तो पूल बांधतो. जिच्यात खिळा वाकत नाही
तिला तो भिंत म्हणत नाही.
मी बोटाने ठोकून ऐकवलं, ढब, ढब, ढब,
मग एकदाच टक्. तिथे लाकूड.
मोठं घर पोकळ वासा, म्हणतात आपल्याकडे.
इथे वासा भरीव,
पोकळ ते बाकीचं.

प्लास्टरबोर्ड आणला बसने, गुडघ्यांत उभा धरून.
स्टॉपपासून घरापर्यंत डंडीचा वारा
त्याला शिडासारखा ओढत होता, आणि त्याच्यासोबत मला.
मापून कापला, बसवला, स्क्रू पिळले.
मग तळवा फिरवला.

जुनी भिंत साडेबारा. नवा तुकडा साडेनऊ.
एक पेनीची दोन नाणी एकावर एक ठेवावीत, तेवढं.
डोळ्याला काही नाही,
हाताला मात्र पायरी लागते.

म्हटलं, लांबी भरून टाकू.
वरच्या मजल्यावरच्या इशबेल गाऊला हा शब्द समजावला:
आमच्यात या लगद्यालाही लांबी म्हणतात
आणि इथून तिथपर्यंतच्या मापालाही.
ती म्हणाली, मग तुला फार लागेल.

ब्याऐंशी वर्षांची. वडील प्लास्टरवाले.
सपाता फटफटवत जिना उतरली,
भिंतीला गाल लावून एका डोळ्याने बघितलं
ताप बघावा तसं.
"वरून थापू नकोस, तडकेल. काढ ते. मागून उचल."
आणि न विचारता माझ्या फडताळातला
सीरियलचा खोका रिकामा केला, वाडग्यात.

स्क्रू उलटे फिरवले.
आतल्या खांबावर पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं,
पावणेपंधरा इंच, खोडलेलं.
साडेचौदा, खोडलेलं.
मग एक अपूर्णांक, शिसं मोडेपर्यंत गिरवलेला,
खाली एक शब्द.
इशबेलने तो मोठ्याने वाचला, खोकेपर्यंत हसली.
अर्थ सांगितला नाही.

खोक्याच्या पट्ट्या कापल्या, खांबावर चिकटवल्या.
पाचवर तुकडा आत, सातवर बाहेर.
सहावर इशबेलचा अंगठा
जुन्यावरून नव्यावर गेला आणि अडला नाही.
बंद करायच्या आधी मीही पेन्सिल घेतली.
त्या माणसाच्या खाली लिहिलं: साडेनऊ, अधिक सहा पट्ट्या.
आणि एक शब्द.
दादाला येतो तो. आईला सांगू नये.

मग जाळीची पट्टी, मग लांबी,
पातळ, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा पातळ.
"पिसासारखी कर कड," इशबेल सांगत राहिली,
"संपली कुठे ते तिचं तिलाच कळता कामा नये."
मी थापी आडवी ओढत गेले,
वितीभर भोकासाठी दोन हात भिंत पांढरी झाली,
शिवाय केस, शिवाय चहा.

आता रंग दिलाय. लोक येतात,
कोट तिथेच टांगतात, काही विचारत नाहीत.

फक्त डिसेंबरात, तीनच्या सुमाराला,
पुढच्या खोलीचं दार उघडं राहिलं
तर ऊन ताय नदीवरून आडवं येतं,
जमिनीसरसं, भिंत चाटत,
आणि तिथे दिसतो एक उंचवटा,
पांघरुणाखाली कुणाचा तरी गुडघा असावा असा.
काही मिनिटं.
मग तो आणि दिवस दोन्ही संपतात.

दादा म्हणतो, दाखव की भिंत.
दाखवते.
सकाळी, दिवा लावून, समोरून.