फळ्याचा वरचा भाग

तिसरी 'ब'मधली कालिना म्हणाली,
"बाई, तुम्ही नेहमी फळ्याच्या मध्यापासूनच का लिहिता?
वरचा भाग कोणाचा?"
वर्ग हसला. मीही.
खडू धरलेला हात खांद्यापर्यंत जातो,
त्यापुढे काखेत कोणीतरी दार लोटून घेतं.

पहिली गाठ वाटाण्याएवढी. केसतोड असेल, म्हटलं.
फुटली, भरली, शेजारी दुसरी उगवली,
आणि दोघींनी आतल्या आत
एकमेकींकडे जायची वाट खणली.

भुयारं आमच्या गावाला नवी नाहीत.
बितोमखालचा कोळसा बाबांनी तीस वर्षं उपसला.
आता स्वयंपाकघराची भिंत फाटते,
खाणीचा माणूस येऊन भेगेवर
काचेची पट्टी चिकटवतो, वर तारीख घालतो.
काच तडकली, की समजायचं,
जमीन अजून हलतेय.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात.
दर शुक्रवारी एक, पोटात.
अठरा महिने शांत गेले.
मी बिनबाह्यांचा पिवळा झगा घेतला,
भाचीच्या लग्नात दोन्ही हात वर करून नाचले.
फोटो आहे. खुळ्यासारखी हसतेय.

मार्चमध्ये पुन्हा ठणका.
डॉक्टर क्शिवोन कागद चाळत राहिल्या.
म्हणाल्या, शरीराला औषध ओळखू यायला लागलंय,
आत येताच अडवतं.
दुसरं आहे. मंजुरी लागेल. लागू पडेलच असं नाही.
आणि मग त्यांनी, याला दुसरा शब्द नाही,
काखा वर केल्या.
मला हेवा वाटला.
इतक्या सहज. इतक्या वर.

तोवर जुने सुती बनियन कापून घड्या करते,
ट्राममध्ये वरची कडी सोडून खांबाला टेकते.
वास येतोय का, हे फक्त ग्राझिनाला विचारता येतं.
बहीण आहे. जवळ येऊन नीट हुंगते,
कोबी शिजला का बघावं तशी,
आणि खरं सांगते.

काल रात्री पाणी प्यायला उठले,
अंधारात भिंतीवरची काच चाचपली.
चोवीस मे. अखंड.
स्वतःला चाचपलं नाही.

सकाळी कालिनाला म्हटलं,
वरचा भाग तुझा. स्टूल घे, तारीख घाल.
जीभ बाहेर काढून, टाचा उंचावून
तिने अगदी वर, कोपऱ्यात
उद्याची तारीख लिहिली.

राहू दिली.
पुसायला हात पोहोचत नव्हता.