आधी बसलेला

मसाईच्या पठारावर एप्रिलचे साडेनऊ.
कातळ एवढा तापलाय की मगदूममामा
उभ्या उभ्या टाचा बदलतात.
सत्तावीस नंबरच्या दगडावर
आमचा सरडा गळ्याचा पंखा उघडतो:
निळा, काळा, मग नारिंगी.
मिटतो.
समोरून आलेला परका एकदा मान हलवतो
आणि मागे फिरतो. चार सेकंद.
वहीत लिहिते: मालक जिंकला.

अठ्ठ्याऐंशी झुंजींत ऐंशी वेळा हेच.
मालक थोराड असो, नाहीतर काडी.

मामांना सांगते, हिशेब सोपा आहे.
दगड मिळाला तर काय हाती येतं, तो एक आकडा.
जबडा फाटला तर काय जातं, तो दुसरा.
दुसरा मोठा असेल तर
सगळ्यांनी ससाणा होऊन भागत नाही.
सगळे पारवे झाले, की एकच ससाणा येतो
आणि जेवून जातो.
मग पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून
कुणी न ठरवलेला नियम उरतो:
आधी बसला त्याचा दगड.
न्याय कुठला त्यात, मामा. टिकतं, एवढंच.

"तालमीत बी," मामा म्हणतात,
"हात मिळवतानाच निम्मं कळायचं.
लई कुस्त्या तितंच सुटायच्या."

दुसऱ्या दिवशी खरा प्रयोग.
सत्तावीसचा नर पिशवीत.
पिशवी महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानाची, हळदी रंगाची.
तासाभरात दगडावर दुसरा,
पंखा उघडून, जन्मापासून तिथलाच असल्यासारखा.
मग पिशवीचं तोंड सोडलं.

दोघंही मालक.
एकोणीस मिनिटं.
शेपटीचा तुकडा कातळावर एकटाच वळवळत होता
आणि मी घड्याळाकडे बघत होते.
आलेखात हाच ठिपका हवा होता मला.

मामा पिशवी झटकतात.
"इचलकरंजीला मागावर हुतो सा वर्सं.
माघारी आलो तर शुक्रवार पेठंतल्या खोलीत धाकटा.
त्येचं बी खोटं न्हवतं, मॅडम.
अकरा वर्सं तारखा चालल्यात."
पिशवीची घडी घालतात. चौकोनी, पुन्हा निम्मी.
"किती येळ आत ठेवला
तर ह्यो इसरंल, दगड आपला हुता म्हणून?"

वहीत तसा रकाना नाही.
जीपकडे चालताना बघते,
अठ्ठावीस नंबरचा दगड अजून मोकळा.
त्यावर ऊन बसलंय,
आधीपासून.