सेंट्रिफ्यूज

दुपारी दोनला परभणीत
कुणी सहसा रक्त द्यायला येत नाही.
सेंट्रिफ्यूजमध्ये बारा नळ्या गरगरतात,
माझ्या एका कानात जपानी बँड.

तहनियतनं पाठवलेला अल्बम.
बेस असा, की कमरेला आधी कळतं,
डोक्याला मग.
चौथ्या गाण्यात ट्रम्पेट घुसतात
न बोलावता पंगतीत बसणाऱ्या व्याह्यांसारखे,
आणि शोभतात.

शब्द एक कळत नाही.
फक्त ती गाणारी मध्येच म्हणते, 'हाय'.
तहनियत म्हणे, त्यांच्यात हाय म्हणजे हो.
अगं, आमच्या जिंतुरातबी
हाय म्हणजे हायच की.

लाईट गेली.
पंखा थांबला, नळ्या रेंगाळत थांबल्या,
गाणं तेवढं थांबलं नाही.
चपला काढल्या.
फ्रीजपासून बेसिनपर्यंत चार पावलं,
वळून चार,
अॅप्रनचे बंद मागं उडतायत.
त्रेचाळीस वर्षं झाली, भावाच्या वरातीतही
मी कडेकडेनं, पर्स सांभाळत चालले होते.

दारात एक म्हातारे,
हातात जेवणानंतरच्या शुगरची चिठ्ठी.
कवापासून उभे होते, काय की.
'हाय का चालू, मॅडम?'

श्वास लागला होता.
म्हटलं, हाय. बसा.