जाळीच्या कडेनं

पहाटे पावणेपाचला फाटक उघडतो मी,
जालन्यातल्या या तळ्याकाठच्या ट्रॅकचं.
पालिकेची खुर्ची, तिचा एक पाय विटेवर,
टेबलावर रजिस्टर, दोऱ्याला बांधलेला पेन.

जूनपासून पास लागला. महिना दीडशे.
त्याआधी किती यायचे, मोजलं नाही कुणी;
फुकट असतं ते मोजत नाहीत.
आता मोजतो. त्रेसष्ट.

देऊळगावकर वकिलांनी वर्षाचे एकदम भरले,
म्हणाले, पैसे गेले की पाय आपोआप निघतात.
आठ दिवस निघाले.
कार्ड अजून माझ्या ड्रॉवरात आहे, कोरं.
मोंढ्यातला हमाल सटवाजी कधीमधी
बिडी प्यायला फाटकाशी टेकतो,
आत गोल गोल फिरणाऱ्यांकडं बघतो
आन् विचारतो, ह्यायला हजेरी किती पडते?

शाहेदाबी आणि कुशावर्ता म्हणाल्या,
दोघींत एक पास देता का?
मी नियम दाखवला.
एक फॉल-पिकोवाली, शुगर दोनशे ऐंशी;
दुसरी बियाण्याच्या कंपनीत, दहा तास पट्ट्यापाशी.
ती म्हणाली, ते उभं राहणं
धरत नाहीत का हो चालण्यात?
रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या जाळीच्या बाहेरून चालू लागल्या.
आत लाल माती, बाहेर खडी,
सळयांचे ट्रक, एक लंगडं कुत्रं.
आतल्यांपेक्षा त्यांची फेरी एक जास्तच व्हायची,
बोलणं संपायचं नाही म्हणून.
एकीला कंटाळा आला तरी
दुसरी गल्लीच्या तोंडाशी उभी असणार,
या धाकानं दोघी यायच्या.

दिवाळीनंतर कुशावर्ताची पाळी बदलली. पहाटेची.
मग शाहेदाबीही दिसेना.
बाजारात गाठ पडली तेव्हा म्हटलं, या की आत,
पासाचं बघतो मी, कोण विचारतंय.
ती पिशवीतली मेथी सारखी करत राहिली.
"पैशाचं न्हाई, भाऊ.
एकटीनं चालायला लागलं की
लोकं विचारतात, कुठं निघालात."

सात वर्षं फाटक उघडतोय.
डॉक्टरनी मलाही सांगितलंय, चाला.
मला तर पासही लागत नाही.
खुर्चीपासून पहिल्या बाकापर्यंत किती पावलं,
उद्या मोजू म्हणतो.

काल ती दिसली, जाळीबाहेर, एकटीच.
हातात दुधाची किटली, रिकामी,
कुणी विचारलंच तर सांगायला.
झाकण पावलागणिक वाजत होतं.
मी उठलो.
ती बाहेरून, मी आतून,
एकमेकांकडं बघायचं नाही
हे न बोलताच ठरलेलं.
अर्ध्या फेरीत मला धाप लागली.
बाकाशी थांबलो,
तर किटलीचा आवाजही थांबला.