विनाकारण थांबा : वजा दहा

रात्री साडेदहाला कुलरमध्ये शेवटची कळशी ओतते,
कॉम्प्युटरवरचा रुमाल काढते
आणि पाचोऱ्याहून गाडी सोडते.

दिवसभर जामनेरच्या लॅबमध्ये रक्त तपासलेलं असतं.
साखर, हिमोग्लोबिन, मलेरियाच्या काचा.
सूक्ष्मदर्शकातून मान वर काढली
की डोळ्यांत थोडा वेळ एक गोल राहतो.
त्या गोलातूनच मी रात्री स्लीपर मोजते.

दोन वर्षं झाली, हा मार्ग बांधतेय.
अडीच फुटी रूळ, चार डबे, एक डिझेल इंजिन,
इंजिनाच्या नाकावरून ओघळलेलं तेल.
त्या एका ओघळाला नऊ रात्री लागल्या.

खेळाबरोबर आलेली झाडं सगळी थंड देशातली.
वरखेडीजवळ देवदार!
एकटीच हसले, मग एकेक उपटला.
केळी मीच केल्या, पण त्या वाटायच्या
लग्नाच्या मांडवातल्या, प्लास्टिकच्या.
पानं कडेनं वाऱ्यानं चिरल्यासारखी फाडली
तेव्हा कुठे बाग झाली.
आभाळातला करडा काढला, मग निळाही काढला;
उरलं ते मे महिन्याचं.

सुपडूकाका तायडे, रिटायर गार्ड,
रविवारी येतात, चष्मा पुसून पडद्याला नाक लावतात.
"हे लिंब इकडं कुठं वं, वैजू? डाव्या हाताले व्हतं."
लिंब हलवते.
"पुलाच्या आधी चढ हाये. एवढी कशी पयते गाडी?"
चढ वाढवते.
"शेंदुर्णीचा बाक मोडेल व्हता."
बाकाचा एक पाय काढून घेते.

"थांबव."
इथं? इथं स्टेशन नाही, काका.
"थांबव तं खरी."

भागदऱ्याच्या अलीकडे, काहीच नसलेल्या जागी.
कपाशी, आणि एक पायवाट,
तीही मी अंदाजानं टाकलेली.
पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली :
विनाकारण थांबा. वजा दहा.
काकांनी वाचलं. म्हणाले, "याले काय मालूम."
इथं कोण चढायचं ते बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही.
मनगटावरचं घड्याळ बघत राहिले, दीड मिनिट,
मग झेंडी धरल्यासारखा हात हलवला.
"चाल आता."

हॉर्न त्यांच्याच मोबाईलमधला आहे,
गाडी बंद व्हायच्या आठवड्यात पहूरच्या फलाटावर धरलेला.
त्यात एक बाई आहे.
हॉर्न संपता संपता ती ओरडते,
"ए बबल्या, उतर खाली!"
आवाज गाळायची सगळी बटणं दाबून पाहिली.
बाई निघते तेव्हा हॉर्नही निघून जातो, पातळ, पत्र्यासारखा.
शेवटी राहू दिली.
आता प्रत्येक फाटकावर, प्रत्येक वळणाला
बबल्याला उतरायला सांगितलं जातं.

मोठी लाईन येणार म्हणतात. येवो.
केळी तयार आहेत, तिलाही लागतीलच.

माणसं मात्र अजून टाकलेली नाहीत.
माणसं जड होतात, कॉम्प्युटर अडखळतो,
पाच जण उभे केले की गाडीच फलाटात अडकते.
म्हणून सगळी स्टेशनं रिकामी,
नुसती घड्याळं, पाण्याची टाकी, तीन पायांचा बाक.

काल काका नव्हते. एकटीच चालवत होते.
भागदऱ्याच्या अलीकडे हात आपोआप ब्रेकवर गेला.
वजा दहा.
कुलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.
दीड मिनिट त्या पायवाटेकडे बघत बसले,
तिच्यावर थोडी धूळ टाकायला हवी, एवढंच सुचलं.
मग हॉर्न दिला.

बबल्या किती वर्षांचा असेल,
डब्याच्या टपावर होता की फलाटाच्या कुंपणावर,
शर्ट कुठल्या रंगाचा,
हे काकांना विचारायचं राहिलंय.