डावी पिन

उजव्या अंगाची पिन चहा उकळायच्या आत निघाली.
डावीला आज तिसरा दिवस.

शंभर फुटी रोडला माझं शेड,
शेजारी टायरवाला,
आणि मध्ये घोड्यांवर मागचं अंग उचललेली
चौगुले मास्तरांची फियाट.
दारावर 'जिनेश्वर मोटर ट्रेनिंग' होतं,
त्यातला 'जि' तेवढा उरलाय.

पाच सालच्या पुरात ती पाण्याखाली होती.
आयर्विन पुलावर लोक फूट मोजत होते,
हिच्या पाट्याच्या कानात गाळ
आवाज न करता घर करत होता.
एकोणीसला पुन्हा. तेव्हा मास्तर नव्हते,
ढकलायला कुणी आलं नाही.

रॉकेल पाजलं. डिझेल पाजलं.
रात्रभर ओली चिंधी गुंडाळून ठेवली,
सुजल्या गुडघ्याला ठेवतात तशी.
घण घातला तर अख्खी बॉडी हलली, पिन नाही.
ब्लो लॅम्प धरला. बुशचं रबर पेटलं,
काळा, घशात बसणारा धूर.
टायरवाला खोकत बाहेर आला,
"दस्तगीरभाई, गॅसनं काप की!
काय लेकराचा हात हाय का त्यो?"

त्रिशलाताईंना फोन लावला.
"कापू का?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाल्या, "तुम्ही ह्याच गाडीवर शिकलाय ना?"

म्हणजे नको.

शिकलोय. एकोणनव्वद साली.
मास्तर डावीकडे बसायचे, सव्वाशे किलो,
गाडी त्यांच्या बाजूला कललेली.
त्यांच्या हाताखालची आम्ही पोरं अजून
सरळ रस्त्यालाही स्टिअरिंग
किंचित उजवीकडे धरतो.
चाक रुतलं की ओरडायचे,
"मागं यायचंय न्हवं? मग आधी जरा फुडं जा, गाढवा!"

दुपारी पाठीवर पडून, डोळ्यात गंज,
मी पाना उलटा लावला.
सोडवायच्या ऐवजी आवळलं.
केसभर.
आत कुठेतरी कट् झालं,
वाळल्या शेंगेचं होतं तसं.
मग सोडलं, केसभर. आवळलं. सोडलं.
तांबडी भुकटी कपाळावर पडत राहिली.
चहा गार झाला, असरची वेळ टळली,
आणि पिन हातात आली, ऊन ऊन,
जरा रागावल्यासारखी.

पुसली. उजवी शेजारी ठेवली.
तिला नुसते ओरखडे.
ही वरच्या अंगाला एवढी खाल्लेली
की अंगठ्याचं नख अख्खं बसतंय.
तीस वर्षं एक माणूस डावीकडे बसला होता,
दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून.

संध्याकाळी त्रिशलाताई आल्या.
पिन तळहातावर घेतली, वजन करावं तशी.
"टाकून देणार होता?"
तेलाचा डाग पडेल म्हटलं,
तरी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.
बिलाचं काही विचारलं नाही. मीही नाही काढलं.

बुश कोल्हापुरात नाहीत. पुण्याहून मंगळवारी येतील,
तोवर गाडी घोड्यांवरच.
टायरवाला विचारत होता, कशी काढलीस?
म्हटलं, काढायचं सोडून
आधी आणखी आवळली.
तो परत खोकला.